पाचव्या प्रकरणातलं विश्व

“विश्व प्रसरण पावतंय, हिवसे. त्याले ना तू थांबवू शकत, ना मी,” डॉ. वसंत पाचखेडे सर फलाटावर उभे राहून गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी पॅन्टचा पट्टा एक भोक सैल केला.

मला त्या वेळी विश्वापेक्षा मुंबईकडून येणाऱ्या गाडीची काळजी जास्त होती. माझ्या पीएचडीच्या बाहेरच्या परीक्षक त्या गाडीनं येणार होत्या आणि दुपारी माझी तोंडी परीक्षा होती. पाचखेडे सर माझे गाईड. मी तालुक्याच्या एका कॉलेजात गणिताचा हंगामी प्राध्यापक. जूनपर्यंत नावापुढे ‘डॉ.’ लागलं तर कायम, नाही तर नारळ, असं संस्थेनं स्वच्छ सांगितलं होतं. दुसरा रस्ता नेट परीक्षेचा होता. पण ती मी इतक्यांदा दिली होती, की त्या केंद्रावरचा चौकीदार आता माझ्या घरच्यांची खुशाली विचारायचा.

एप्रिल संपत आलेला. सकाळीच फलाटाचा पत्रा तापून तडतडत होता. मी वजनकाट्यापासून पाणपोईपर्यंत आणि पाणपोईपासून वजनकाट्यापर्यंत फेऱ्या मारत होतो.

“बस ना बाप्पा एका जागी,” सर म्हणाले. “परीक्षा माझ्या किती पोरांनी देल्ली. आजवर कोणी मेलं नाही.”

हे खरं होतं. सरांच्या हाताखाली आजवर कुणी मेलं नव्हतं, आणि नापास तर कुणीच झालं नव्हतं. आमच्या विद्यापीठाचं नाव मी सांगत नाही, कारण माझे मित्र अजून तिथंच आहेत. पण विदर्भातल्या त्या गणित विभागात प्रसरण पावणारी विश्वं जितकी तयार झाली तितकी जगात इतरत्र कुठं झाली असतील असं मला वाटत नाही. त्याची रीत सोपी होती. विश्वात काय भरलंय आणि त्यामुळं अवकाश आणि काळ मिळून कसे वाकलेत, याची आइन्स्टाइनची समीकरणं असतात. समीकरणं कमी आणि न कळलेल्या गोष्टी जास्त, म्हणून एखाददुसरी गोष्ट आपल्या सोयीनं गृहीत धरावी लागते. जितकी गृहीतं तितकी विश्वं. शेतजमिनीवर लेआउट पाडून प्लॉट विकतात तसं सरांनी या सोयीचं लेआउट पाडलं होतं, आणि येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते एकेक विश्व काढून देत. कुणाला सरळ वाढणारं, कुणाला एकाच दिशेनं लांबणारं. मी उशिरा आलो म्हणून मला जे उरलं होतं ते मिळालं. ते माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण झालं.

विभागाचा एकच कडक नियम होता. आलेलं उत्तर सोपं करून आखडायचं नाही. कंसातलं कंसात राहू द्यायचं. “आखडलेलं उत्तर परीक्षकाले समजते,” सर म्हणायचे. “समजलं, की तो विचारते.” त्यामुळं माझ्या विश्वातल्या द्रव्याची घनता सांगणारं सूत्र पान उलटूनही संपत नव्हतं. सगळ्याच्या खाली छेदात काळाचा वर्ग होता. आणि त्याखाली इंग्रजीत एक वाक्य होतं: ‘यावरून स्पष्ट होते की काळ वाढतो तशी घनता कमी होत जाते, आणि हे निरीक्षणांशी सुसंगत आहे.’ हे वाक्य विभागातल्या प्रत्येक प्रबंधात असे. आमचा टायपिस्ट ते न विचारता घालायचा.

गाडी आली. डॉ. इंदुमती केळुस्कर उतरल्या. ठेंगण्या, पांढरे केस बारीक कापलेले, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. खांद्यावर कापडी पिशवी, आणि पिशवीतून माझ्या प्रबंधाची लाल पाठ वर आलेली. पानापानांतून कागदाच्या चिठ्ठ्या डोकावत होत्या.

सरांनी हसत हसत नमस्कार केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “वाचला दिसते.” घरात कुणाला टायफॉइड निघाला की जो आवाज लागतो, तो आवाज.

गेस्ट हाऊसवर झणझणीत तर्री-पोहे मागवले होते. मुंबईची पाहुणी पहिल्या घासाला पाणी मागते, मग आपण दही पुढं करायचं, त्यात तासभर गप्पा होतात, असा आमचा अनुभव. मॅडमनी तर्री आणखी एक वाटी मागून घेतली.

“पाचवं प्रकरण मला फार आवडलं,” त्या म्हणाल्या.

सर खुलले. “ते सगळ्यात कठीण होतं जी. हिवसेनं लय घासलं.”

“दिसतंच आहे. मला एक सांगा पाचखेडे, या विश्वात आहे काय?”

“द्रव आहे ना जी. परिपूर्ण द्रव.”

“किती?”

“म्हणजे...” सरांनी माझ्याकडं पाहिलं. “काळ वाढते तसा कमी होत जाते.”

“ते मी वाचलं. कमी होण्याआधी किती आहे?”

सरांना एकदम जेवणाची आठवण झाली. पाटोडी-रस्सा करणारा माणूस अजून आला नाही, मी बघून येतो, असं म्हणत ते उठले आणि ताटली हातात घेऊनच बाहेर गेले.

मॅडम माझ्याकडं वळल्या. “हिवसे, परीक्षेला अजून वेळ आहे. त्या लांब सूत्रात काळाच्या जागी एक घालून बघा. सहज. आणि ते झालं, की अवकाशकाळाची वक्रताही काढा. अवकाशाची एकट्याची नव्हे, काळ धरून सगळ्याची.”

“एक कशासाठी, मॅडम?”

“दुसरा कुठला आवडत असेल तर तो घाला.”

मी शेजारच्या खोलीत जाऊन बसलो. खिडकीतला कूलर पाण्यापेक्षा आवाज जास्त देत होता. मी एक घातला. कंसामागून कंस सुटत गेला, अधिक वजाला खात गेलं, आणि शेवटी कागदावर शून्य उरलं. बेरीज चुकली असणार म्हणून पुन्हा केलं. शून्य. दोन घातला. शून्य. उठलो, खोलीभर फिरलो, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा बसलो आणि स्वतःचं जन्मसाल घातलं. शून्य. मग आकडा न घालता सगळं सूत्र आखडलं, जे इतकी वर्षं विभागात कुणी केलं नव्हतं. काळाचा वर्ग छेदात तसाच उभा, आणि त्याच्या डोक्यावर काहीच नाही. शून्याला कशानंही भागलं तरी ते कमी होत नाही, हे मी अकरावीच्या मुलांना दरवर्षी सांगत होतो.

मग वक्रता काढली. ती काढताना माझा हात इतका घाईत होता की पेन्सिलचं टोक मोडलं. तीही शून्य. काही वाकलेलं नव्हतं.

सर गेस्ट हाऊसच्या मागच्या पायरीवर उभं राहून रश्शाचा वास घेत होते.

“सर, घनता शून्य आहे.”

“गणित चुकलं असंल.”

“गणित बरोबर आहे म्हणूनच शून्य येतंय.”

“शून्य म्हणजे अगदी शून्य, का बारीक काहीतरी?”

“अगदी शून्य, सर.”

त्यांनी कागद हिसकावून घेतला. चष्मा चढवला. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून स्वतःच्या स्कूटरचा नंबर घालून पाहिला. मग पायरीवर बसले. इतका वेळ आचाऱ्याला चाललेल्या सूचना थांबल्या. आचाऱ्यालाही ते खटकलं असावं. तो झारा घेऊन बाहेर डोकावून गेला.

“या विश्वावर माझे पेपर आहेत, हिवसे,” सर हळू म्हणाले.

“हो सर.”

“तिनं विचारलं तर म्हणायचं, घनता कमी होत जाते.”

“पण मुळात ती—”

“कमी होत जाते. इतकी कमी होते, की राहतच नाही. झालं! खोटं काय आहे त्याच्यात?”

“सर, वक्रताही शून्य आहे. विश्व वाढतच नाही. काही नाहीच तिथं.”

“तुझी नोकरी आहे ना तिथं?” सर एकदम तापले. “जूनमध्ये पाहिजे ना तुले? ती बाई रिटायर झाली. तिले कशाची गरज आहे? तुले आहे. दोन मिनिटं तोंड सांभाळ, मंग जनमभर खरं बोल.”

मी तिथंच पाय बदलत उभा राहिलो. सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

“मले हे कोणी शिकवलं नाही,” ते म्हणाले. “आमच्या वेळी लायब्ररीत याच्यावर एकच पुस्तक होतं. त्याची मागची पानं वाळवीनं खाल्ली होती. समीकरणं सोडवायची कशी हे पुढं होतं. उत्तर आल्यावर त्याचा अर्थ काय, ते मागं असंल. मी पुढच्या पानांवर येवढे लोक डॉक्टर केले, हिवसे. कोणी केले असते?”

आतून कुणीतरी वाटणासाठी खसखस मागितली आणि सर उठून गेले.

सभागृहात गर्दी बरी होती. रसायनशास्त्राचे आणि वनस्पतीशास्त्राचे लोक आमच्या तोंडी परीक्षांना आवर्जून येत, कारण जेवण परीक्षेनंतर असे. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. खडू धरला तर बोटांना ओला लागत होता, म्हणून मी तो एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिलो. पहिल्या रांगेत सर हाताची घडी घालून बसले होते. मॅडम मध्यभागी, टेबलावर माझा प्रबंध, चिठ्ठ्या एकेक करून काढून ठेवलेल्या. आता एकच चिठ्ठी उरली होती.

दुसऱ्या प्रकरणावर त्यांनी एक प्रश्न विचारला, तिसऱ्यावर एक. मी उत्तरं दिली. वनस्पतीशास्त्राचे एक गृहस्थ घड्याळाकडं बघून समाधानानं मागं रेलले.

“आता पाचवं प्रकरण,” मॅडम म्हणाल्या. “या विश्वात काय आहे, हिवसे?”

सरांनी खाकरून घेतलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते छताच्या पंख्याकडं बघत होते.

मला जून दिसत होता. हजेरीच्या मस्टरवर पेन्सिलीनं लिहिलेलं माझं नाव दिसत होतं. ‘घनता काळानुसार कमी होत जाते.’ एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं, आणि ते मला झोपेत उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. मी तोंड उघडलं.

“काही नाही, मॅडम,” मी म्हणालो.

“काही नाही म्हणजे?”

“द्रव्य नाही. घनता सुरुवातीपासून शून्य आहे. अवकाशकाळाची वक्रताही शून्य आहे. रिकामा, सपाट अवकाशकाळ आहे.”

सभागृहात चुळबुळ झाली. रसायनवाल्यांपैकी कुणीतरी “अरे बापरे!” म्हणालं, पण आनंदानं.

“पण तुमच्या सूत्रात अंतरं तर वाढताना दिसतात,” मॅडम म्हणाल्या. “जो जितका लांब तितका वेगानं दूर जातो, हा प्रसरणाचा नियमही त्यात बरोबर बसतो. हे कसं? सगळ्यांना कळेल असं सांगा.”

मी फळ्याकडं वळलो आणि पुन्हा लोकांकडं वळलो. फळ्यावर काढण्यासारखं काही नव्हतं.

“समजा, शाळा सुटली,” मी म्हणालो. “सगळी पोरं एकाच दारातून एकदम मैदानात पळाली. प्रत्येकाचा वेग वेगळा, पण ज्याचा त्याचा कायम. थोड्या वेळानं बघितलं तर जोरात पळणारा लांब गेलेला आणि हळू पळणारा जवळ. म्हणजे जो लांब तो वेगवान. कुठल्याही पोरानं मागं वळून बघितलं तरी त्याला बाकीचे आपल्यापासून लांब जाताना दिसतात. आता मोजपट्टी मैदानाला न लावता पोरांना लावली, की मैदानच पसरतंय असं वाटतं. मी प्रबंधात पट्टी पोरांना लावली.”

“आणि मैदान खरंच पसरतंय का?”

“नाही, मॅडम. मैदान जागच्या जागी आहे. पोरं पळतायत.”

“आणि पोरं?”

“पोरंही नाहीत, मॅडम. घनता शून्य आहे.”

हशा पिकला. वनस्पतीशास्त्राचे गृहस्थ सगळ्यात मोठ्यानं हसले. सर हसले नाहीत. ते अजून पंखाच बघत होते.

मॅडम हशा थांबायची वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “उमेदवाराचं उत्तर अगदी बरोबर आहे.” मला वाटलं, सुटलो. “त्यामुळे,” त्या पुढं म्हणाल्या, “प्रबंध चूक आहे. पाचवं प्रकरण नव्यानं लिहून पुन्हा सादर करावं लागेल.”

पुन्हा सादर करणं म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा दोन्ही परीक्षकांकडं टपाल. दिवाळीच्या आत काही होत नाही, हे सभागृहातल्या सगळ्यांना माहीत होतं. सगळे जेवायला उठले. पाटोडी-रस्सा उत्तम झाला होता असं मला नंतर सांगण्यात आलं. सर डोकं दुखतंय म्हणून घरी निघून गेले. जाताना माझ्याजवळ थांबले. “मैदानाचं छान सांगितलं,” ते म्हणाले. “मले आधी सांगाचं ना तसं.” माझ्याशी त्यांचं त्यानंतरचं बोलणं पावसाळ्यात झालं.

चारच्या गाडीला मी मॅडमना रिक्षानं सोडायला गेलो. मी इतक्यांदा बाहेर डोकावत होतो, की रिक्षावाल्यानं विचारलं, कुणी पाठीमागं लागलंय का.

“रागावलात का?” मॅडमनी विचारलं.

“नाही.”

“रागावलात. रागवा. मला चालतं.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “तुमच्या विभागातलं हे विश्व माझ्याकडं पहिल्यांदा आलेलं नाही, हिवसे. टपालानं प्रबंध येतात. दर वेळी कपडे वेगळे, आत माणूस नाही. एकदा ते फक्त एकाच दिशेनं लांबत होतं. तेही रिकामं, तेही सपाट. मी दर वेळी लिहून विचारते, घनता किती आहे. दर वेळी उत्तर येतं, काळानुसार कमी होत जाते.”

“आणि मग?”

“मग काय? बीजगणितात चूक नसते. मी शिफारस करते. ते सगळे डॉक्टर झाले. एक तर प्राचार्य आहेत.”

रिक्षा खड्ड्यात गेली आणि वर आली.

“म्हणजे आज मीही तेच वाक्य म्हणालो असतो तर?”

“तर आज संध्याकाळी तुम्ही डॉक्टर हिवसे असता,” त्या सरळ म्हणाल्या. “मी आजवर कुणाला नापास केलेलं नाही. पण उमेदवारच सगळ्यांसमोर सांगतो की विश्वात काही नाही, तेव्हा मी काय करणार? ते ऐकलंच नाही असं कसं लिहू?”

“मग सकाळी एक घालायला सांगितलंत कशाला?”

मॅडमनी बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेनं नव्या लेआउटचे सिमेंटचे खुंट रोवलेले होते, लांबपर्यंत, आणि घर एकही नव्हतं.

“टपालानं कळत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, या वेळी स्वतः जाऊन बघावं, आत कुणी आहे का.”

गाडी वेळेवर आली, हे त्या दिवसातलं एकच आश्चर्य. डब्यात चढल्यावर त्यांनी खिडकीतून प्रबंध माझ्या हातात दिला. “ते मैदानाचं उदाहरण घाला नव्या प्रकरणात,” त्या म्हणाल्या. “आणि सूत्र आखडून लिहा.”

मी घरी गेलो नाही. मिळाली ती एस.टी. धरून तालुक्याला गेलो आणि आमच्या प्राचार्यांच्या, देवतळे सरांच्या घरी धडकलो. ते बनियनवर अंगणात बसून आंबे पाण्यात घालत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. विश्व, शून्य, मैदान, पळणारी पोरं. पदवी मिळेल, पण दिवाळीनंतर मिळेल. तेवढी मुदत द्या, मी रात्रीचा दिवस करतो, संस्थेच्या अध्यक्षांच्या पाया पडायला तयार आहे, असं मी म्हणालो. बोलता बोलता मी अंगणात फेऱ्या मारतोय हे माझ्या लक्षात नव्हतं. त्यांनी मला हाताला धरून ओट्यावर बसवलं.

“तुम्हाला कुणी बोललं नाही का?” देवतळे सरांनी विचारलं.

गणिताची ती जागा भूगोलाला देण्याचा ठराव संस्थेनं मार्चमध्येच केला होता.